राज्य गेलें, लौकिक राहिला : तंजावरच्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीचा एक विचार

राज्याचें रक्षण कशानें होतें, या प्रश्नाचें उत्तर आपल्या प्राचीन राजनीतिकारांनीं स्वामी, अमात्य, राष्ट्र, दुर्ग, कोश, दंड व मित्र या सात अंगांनीं दिलें आहे. लौकिक हें आठवें अंग त्यांनीं धरलेलें नाहीं. तथापि व्यवहारांत त्याचें मोल सर्वांस ठाऊक होतें. ज्याच्या शब्दाला पत आहे त्याला फौज थोडी लागते, हा अनुभव जुनाच आहे. अलीकडे या जुन्या वस्तूस नवें नांव मिळालें आहे. सैन्य व पैसा यांच्या दडपणावांचून, केवळ आपली विद्या, आचार व लौकिक यांच्या ओढीनें दुसऱ्याचें मन वळविण्याचें जें सामर्थ्य, त्याला अमेरिकेंतील राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनीं १९९० सालीं जें नांव दिलें, त्याचें मराठींत 'सौम्य सत्ता' असें भाषांतर रूढ होत आहे. पुढें १९९४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें आपल्या अहवालांत असें मांडलें कीं, सुरक्षितता म्हणजे केवळ सरहद्दीचें रक्षण नव्हे. माणसाला अन्न, औषध, आसरा व निर्भयता मिळणें हीच खरी सुरक्षितता होय.

या दोन कल्पना एकत्र ठेवल्या म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकापुढें एक सरळ प्रश्न उभा राहतो. लौकिकाच्या बळावर राज्य राखतां येतें काय? आणि राज्य राखतां येत नसेल, तर निदान माणसें राखतां येतात काय? नुसत्या तर्कानें याचें उत्तर देण्यांत अर्थ नाहीं. कोणत्या तरी राज्याचें शस्त्रबळ एका ठराविक दिवशीं संपलें, लौकिक मात्र पुढें वाढत गेला, आणि शेवटीं त्या लौकिकाची कसोटीही लागली, असें एखादें उदाहरण सांपडल्यास त्यावरून कांहीं निश्चित बोलतां येईल. असें उदाहरण आपल्या मराठ्यांच्याच इतिहासांत आहे. तें तंजावरच्या भोसल्यांचें. त्याची या दृष्टीनें तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) शस्त्रबळाचा शेवट

छत्रपति शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावरचें राज्य हस्तगत केलें. तेव्हांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारें एकशेंऐशीं वर्षें, कावेरीच्या त्या सुपीक मुलुखांत मराठी राजघराणें नांदलें. पण त्यांतील स्वतंत्र सामर्थ्याचा काळ फार लवकर आटोपला. अर्काटच्या नबाबाची नजर तंजावरच्या भातशेतीवर होती, आणि इंग्रज कंपनीचें सैन्य त्याच्या दिमतीस होतें. १७७३ सालीं नबाबानें कंपनीच्या फौजेनिशीं तंजावर घेतलें व तुळजाजी राजांस कैदेंत टाकलें. १७७६ सालीं इंग्लंडांतील डायरेक्टरांच्या हुकुमानें तुळजाजींस गादी परत मिळाली खरी; परंतु त्यानंतर राज्याच्या रक्षणाचें काम कंपनीच्या पलटणींकडे गेलें व राजाकडे त्यांचा खर्च तेवढा राहिला.

१७८७ सालीं तुळजाजी वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं सरफोजींस दत्तक घेतलें होतें. दत्तविधान सशास्त्र आहे कीं नाहीं याविषयीं कंपनीनें पंडितांचे अभिप्राय घेतले, ते प्रतिकूल पडले, आणि तुळजाजींचे बंधु अमरसिंग गादीवर बसले. पुढें पुन्हां अभिप्राय मागविले गेले; या खेपेस ते अनुकूल आले, आणि १७९८ च्या जूनमध्यें अमरसिंगांस दूर करून सरफोजींस राज्याभिषेक झाला. गादी कोणाची हें ठरविण्याचा अधिकार कोठें गेला होता, तें यावरून दिसून येईल. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें उरलेलेंही संपलें. सर्व मुलुखाचा कारभार कंपनीनें घेतला. राजाकडे तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष स्टार पागोडे व मुलुखाच्या निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा, एवढें राहिलें. तेव्हां सरफोजींचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. सप्तांगांपैकीं दुर्ग नांवाला, कोश नेमणुकीपुरता, आणि दंड मुळींच नाहीं, अशा स्थितींत त्यांना पुढील तेहतीस वर्षें काढावयाचीं होतीं.

(२) गुरूपासून मिळालेला धडा

सरफोजींनीं या वर्षांत जें केलें तें समजण्यासाठीं त्यांच्या लहानपणाकडे पाहणें अवश्य आहे. तुळजाजींनीं आपल्या दत्तक पुत्राचा सांभाळ ख्रिस्तिअन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याकडे सोंपविला होता. हा गृहस्थ १७५० सालीं डेन लोकांच्या तरंगमबाडी येथील मिशनांत आला, आणि १७९८ सालीं तंजावरांतच मरण पावला. त्याच्या धर्मप्रचाराशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. आपणांस पाहावयाची आहे ती त्याच्या शब्दाची पत.

१७७९ सालीं मद्रासच्या इंग्रजांनीं हैदरअल्लीचें मन जाणण्यासाठीं श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास पाठविलें. इंग्रज वकिलांवर हैदराचा विश्वास नव्हता. या पाद्र्यावर मात्र होता. पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें तेव्हां या गृहस्थाला अडवूं नये अशी ताकीद हैदरानें आपल्या अंमलदारांस दिली होती. १७८१ सालीं हैदराच्या स्वारीनें तंजावरचा मुलूख उजाड झाला. किल्ल्यांत माणसें उपाशी मरत होतीं. आसपासच्या गांवांत धान्य होतें, पण तें आणण्यास बैल मिळेनात. कारण पूर्वीं नेलेल्या बैलांचे पैसे रयतेस कधींच मिळाले नव्हते. राजाचा हुकूम चालला नाहीं, कंपनीचाही चालला नाहीं. शेवटीं श्वार्ट्झनें पैसे चुकते करण्याची हमी स्वतःच्या नांवानें दिली, तेव्हां दोन-तीन दिवसांत हजारभर बैल आले आणि किल्ल्यांत धान्य पोहोंचलें. पळून गेलेले कुळवाडी शेतावर परत येईनात, तेही पुढें त्याच्याच शब्दावर परतले.

या प्रसंगांत राजनीतीचा एक मोठा सिद्धांत भरलेला आहे. राजाचें सैन्य होतें, कंपनीचें सैन्य होतें, धान्यही होतें. नव्हता तो विश्वास. विश्वास नसल्यामुळें माणसें मरत होतीं, आणि तो एका माणसाच्या ठिकाणीं सांपडल्याबरोबर तीं वांचलीं. हा दुष्काळ पडला तेव्हां सरफोजी अगदीं लहान होते. पण ज्याच्या हाताखालीं ते वाढले त्या माणसाची ही गोष्ट त्यांच्या कानांवर गेली नसेल असें मानवत नाहीं. त्यांची पुढील वागणूक तरी तिच्याशीं जुळती आहे.

(३) छत्रांविषयींचें पत्र

तह होऊन सव्वा वर्ष झालें नाहीं तोंच, १८०१ च्या जानेवारींत, सरफोजींनीं तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास एक पत्र लिहिलें. आमच्या मतें हें पत्र तंजावरच्या इतिहासांत तहाच्या बरोबरीनें महत्त्वाचें आहे. त्याचा विषय किल्ला, फौज किंवा नेमणूक नव्हे. तो छत्रांचा, म्हणजे वाटसरूंकरितां बांधलेल्या अन्नछत्रांचा व धर्मशाळांचा आहे.

रामेश्वराची वाट तंजावरच्या मुलुखांतून जाते. हिंदुस्थानच्या सर्व भागांतून येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं त्या वाटेवर पूर्वींच्या राजांनीं ठिकठिकाणीं छत्रें घालून त्यांस गांवें व जमिनी तोडून दिल्या होत्या. त्यांतील बरींच राण्यांच्या नांवांनीं ओळखलीं जात. तेथें काय चालत असे त्याची हकीकत सरफोजींनीं पत्रांत तपशीलवार दिली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना, तसेंच जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांना, शिजविलेला भात मिळे. ज्यांना तो चालत नसे त्यांना शिधा मिळे. हें वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावें, अशी हांक दिली जाई. वाटेंत आजारी पडलेल्यास वैद्य, औषध व पथ्याचें अन्न बरा होईपर्यंत मिळे. लहान मुलांना दूध मिळे. गरोदर बाई तेथें आली तर तिचें बाळंतपण होऊन पुढें तीन महिने तिची व मुलाची व्यवस्था होई. अनाथ मुलांना सांभाळून शिकविलें जाई. वेद व इतर विद्यांचे अध्यापक तेथें नेमलेले असत. कोणी मरण पावला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणें त्याचा अंत्यविधि होई.

हा सर्व तपशील वाचल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतील सुरक्षिततेची व्याख्या आठवल्याशिवाय राहत नाहीं. अन्न, औषध, आसरा, शिक्षण, बाळंतपण व मृत्यूनंतरची प्रतिष्ठा, यांतील एकही बाब सुटलेली नाहीं. परंतु राजकारणाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची आहे ती पत्रांतील मागणी व तिचें कारण. सरफोजींची मागणी अशी कीं, मुलुखाबरोबर हीं छत्रें कंपनीच्या ताब्यांत जाऊं नयेत, तीं आपल्याकडे राहावींत. त्याचें कारण ते असें देतात कीं, या दानधर्मामुळें तंजावरच्या देशाला 'धर्मराज्य' म्हणतात, आणि त्या नांवानें देशोदेशीं होणारा लौकिक हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आपण समजतों.

बावीस-तेवीस वर्षांच्या त्या राजानें आपल्या स्थितीचा केवढा अचूक विचार केला होता, हें येथें ध्यानांत येतें. मुलूख परत मिळणार नाहीं हें त्यांनीं जाणलें. फौज ठेवतां येणार नाहीं हेंही जाणलें. मग कंपनीला ज्याची किंमत कळत नव्हती, पण काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या वाटसरूला कळत होती, अशी वस्तु त्यांनीं मागून घेतली. छत्रांची व्यवस्था राजाकडेच राहिली. इतकेंच नव्हे, तर ओरत्तनाड येथें मुक्तांबाळेच्या नांवानें सरफोजींनीं नवें छत्रही घातलें.

(४) विद्येचा लौकिक

दुसरें अंग विद्येचें. तंजावरचा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या वेळेपासूनचा. मराठे राजांनीं तो वाढविला. शहाजी राजांच्या नांवावर असलेलीं मराठी व तेलुगु नाटकें आपल्या नाट्याच्या इतिहासांत प्रसिद्धच आहेत. पण त्या संग्रहास आजचें रूप आलें तें सरफोजींच्या हातून. १८२० नंतरच्या दोन वर्षांत त्यांनीं मोठ्या लवाजम्यानिशीं काशीयात्रा केली, आणि येतांना तेथून पोथ्यांचा संग्रह आणिला. आज सरस्वती महालांत चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितें आहेत. त्यांतील फार मोठा भाग संस्कृत ग्रंथांचा असून मराठी हस्तलिखितें तीन हजारांच्या घरांत आहेत; तमिळ व तेलुगु आहेत तीं निराळींच. शिवाय सरफोजींनीं विकत घेतलेलीं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वगैरे भाषांतील छापील पुस्तकें सुमारें साडेचार हजार आहेत, व पुष्कळांवर त्यांची स्वतःची सही आहे.

ग्रंथ जमविणारे राजे पुष्कळ झाले. सरफोजींचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं ग्रंथांना कामाला लावलें. राजवाड्यांतील धन्वंतरि महालांत देशी वैद्य व युरोपीय वैद्यक जाणणारे यांना एकत्र बसवून औषधांची परीक्षा चाले. सिद्ध झालेले योग पुढें तमिळ पद्यांत 'शरभेंद्र वैद्यमुरै' या नांवानें बांधले गेले. नेत्ररोग्यांच्या हकीकती त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहून ठेवलेल्या आजही तेथें पाहावयास मिळतात. रोगी कोण, विकार काय, उपचार कोणता केला, गुण आला कीं नाहीं, हें टिपून ठेवण्याची ती पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाड्यांत देवनागरी छापखाना निघाला, आणि इसापाच्या गोष्टींचें 'बालबोधमुक्तावली' हें मराठी भाषांतर तेथें छापलें गेलें. मराठी मुद्रणाचा आरंभ शोधतांना आपण श्रीरामपूर व मुंबई येथें थांबतों. तंजावरचें नांव त्या पंक्तींत घेतलेंच पाहिजे.

या सर्वांत शिलेवर कोरलेला एक ग्रंथही आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारांत १८०३ सालीं भोसले कुळाचा इतिहास मराठींत खोदविला गेला. लांबीच्या दृष्टीनें त्याची गणना जगांतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत करतात. त्यांतील जुन्या पिढ्यांची हकीकत संशोधकानें जपूनच वापरावी. पण तो केव्हां खोदला याकडे पाहावें. राज्य गेल्यावर चार वर्षांनीं, चोळांनीं बांधलेल्या देवालयाच्या भिंतीवर, तमिळ देशांत, मराठी भाषेंत आपल्या वंशाचें चरित्र लिहवून ठेवणें, याचा अर्थ उघड आहे. सनदा व दफ्तरें दुसऱ्याच्या कपाटांत गेलीं तरी ही भिंत कोणी उचलून नेणार नाहीं, असा तो विचार असावा.

(५) इंग्रजांकडे वळविलेलें तोंड

लौकिकाचें आणखी एक तोंड होतें. तें राज्यकर्त्यांकडे वळलेलें होतें. आपल्या गुरूच्या स्मरणार्थ सरफोजींनीं लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून आणविलें. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ व त्याचा हात हातांत घेतलेला राजा असें तें दृश्य तंजावरच्या किल्ल्यांतील चर्चमध्यें आहे. यांत कृतज्ञता खरी होती. १८२६ च्या वसंतांत कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हां लाव्हासिए, लिनियस, ब्यूफों यांचीं नांवें सहज घेऊन बोलणारा हा हिंदु राजा पाहून तो चकित झाला. अनेक राजे पाहिले, पण याच्याइतकें राजाला शोभणारें वर्तन कोणाचें पाहिलें नाहीं, अशा आशयाचें त्यानें लिहून ठेवलें आहे. हा मान विद्येनें मिळविलेला होता.

पण समुद्रकाठीं शरभेंद्रराजपट्टण येथें उभा असलेला 'मनोरा' याहून वेगळ्या जातीचा आहे. नेपोलियनचा पराभव झाल्यावर इंग्रजांच्या विजयाचें स्मारक म्हणून सरफोजींनीं तो बांधविला. त्यावरील लेखांत १८१४ साल घालून ते स्वतःस इंग्रज सरकारचे मित्र व दोस्त म्हणवितात. युरोपांतील लढाईशीं तंजावरचा कांहीं संबंध नव्हता. येथें लौकिकाची खुशामत झाली आहे, असें म्हणणें आम्हांस भाग आहे. मात्र त्यांच्या अडचणीचा विचार न करितां त्यांना दोष देणें बरोबर होणार नाहीं. ज्याची नेमणूक, किल्ला व वारसा दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याला अशी दोस्ती जगजाहीर करावीशी वाटली, तर त्यांत नवल नाहीं. आपल्याला पाहावयाचें तें हें कीं, त्या दोस्तीचा पुढें उपयोग किती झाला.

(६) कसोटी

७ मार्च १८३२ रोजीं सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजीं पुत्रहीन वारले. मागें राण्या व दोन कन्या होत्या. सातारा १८४८ सालीं व नागपूर १८५४ सालीं खालसा झालेंच होतें. तंजावरचाही तोच निकाल लागला. १८५६ च्या ऑक्टोबरांत रेसिडेंट फोर्ब्स यानें शिपाई आणून राजवाड्यावर पहारे बसविले, आणि राज्याबरोबर घराण्याची खासगी मिळकतही मोहरबंद केली.

थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनीं खासगी मिळकतीसाठीं मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. त्या कोर्टांत राणीसाहेबांचा जय झाला; परंतु कंपनीनें प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलें, आणि १८५९ सालीं तेथें निकाल उलटला. निकालाचा आशय असा कीं, ही जप्ती राजसत्तेनें केलेलें कृत्य आहे. तें न्याय्य कीं अन्याय्य याविषयीं बोलण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं. शेवटीं १८६२ सालीं सरकारनें खासगी मिळकत राण्यांना परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे. लौकिकानें राज्य राखलें नाहीं. मनोरा उभाच होता, पण त्यावरील दोस्तीचा लेख कोणीं पुराव्यास घेतला नाहीं. हेबरनें केलेली स्तुति विलायतेंत छापून प्रसिद्ध झालेली होती, तिचाही उपयोग झाला नाहीं. ज्याच्या हातीं शस्त्र आहे त्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला लौकिक, मर्जी फिरतांच निरुपयोगी होतो, हा या प्रकरणाचा पहिला धडा. सौम्य सत्तेची थोरवी गाणाऱ्यांनीं तो झांकून ठेवूं नये.

(७) काय राहिलें व कां राहिलें

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र निराळें आहे. नागपूरच्या भोसल्यांचें राज्य खालसा झालें तेव्हां हत्ती-घोडे बाजारांत विकले गेले व जडजवाहीर कलकत्त्यास लिलांवांत निघालें. तंजावरचा ग्रंथसंग्रह तसा फुटला नाहीं. याचें सगळें श्रेय लौकिकाला देणें अतिशयोक्तीचें होईल. राणीसाहेबांचा दावा, नॉर्टन यांची खटपट, आणि पोथ्यांना लिलांवांत किंमत येत नाहीं ही साधी गोष्ट, यांनाही वांटा दिला पाहिजे. तथापि संग्रहाचें मोल विद्वानांत ठाऊक झालेलें होतें, हें कारण क्षुल्लक नव्हे. मद्रास सरकारनें त्याची यादी करविण्याचें काम हातीं घेतलें, व तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनीं केलेली संस्कृत ग्रंथांची वर्गवार यादी १८८० सालीं छापून निघाली. एकदां यादी छापली गेली म्हणजे ग्रंथ नाहींसा करणें सोपें राहत नाहीं. पुढें १९१८ सालीं राजघराण्याच्या संमतीनें हा संग्रह सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुला झाला. ज्या राजवाड्यावर एके काळीं परक्यांचे पहारे बसले, तेथें आज कोणीही अभ्यासक पोथी मागून वाचूं शकतो.

छत्रांचेंही असेंच आहे. त्यांची व्यवस्था राजाच्या हातून सरकारी अंमलदारांकडे गेली, त्यांचें जुनें वैभव ओसरलें. तरी त्यांना तोडून दिलेल्या गांवांचें उत्पन्न धर्मादाय म्हणून ओळखलें जात राहिलें, आणि ओरत्तनाडचें छत्र पुढें विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडलें.

राज्य कां गेलें आणि हें कां राहिलें, याचा विचार केला तर भेद असा दिसतो. गादीचा लौकिक एका माणसांत सांठलेला होता, व तो मोडणें एका हुकुमाचें काम होतें. छत्रांचा लौकिक हजारों वाटसरूंत, संग्रहाचा लौकिक ठिकठिकाणच्या पंडितांत व वैद्यकाचा लौकिक बऱ्या झालेल्या रोग्यांत वांटला गेलेला होता. तो कोणाच्या एकट्याच्या हातीं नसल्यामुळें कोणास एकट्यानें मोडतां आला नाहीं. शिवाय त्याच्यामागें नेमून दिलेलें उत्पन्न, लिहून ठेवलेली रीत आणि मोजून ठेवलेली यादी होती. नुसती कीर्ति हवेंत विरते. उत्पन्न, रीत व यादी यांना बांधलेली कीर्ति टिकते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा सर्व खर्च ज्या पैशांतून झाला तो कावेरीकांठच्या कुळवाड्यांच्या घामाचा होता. वसूल कंपनी करी, पांचवा हिस्सा राजास मिळे, आणि धर्मराज्याचें नांवही राजासच मिळे. रयतेच्या सरकारी धाऱ्याविषयीं राजाला बोलण्याचा अधिकार उरला नव्हता. म्हणजे वाटसरूला जी सुरक्षितता तंजावरांत मिळाली ती रयतेला राजाकडून मिळूं शकली नाहीं. हें कबूल केलें पाहिजे. लौकिक हा राज्याला पर्याय नाहीं. राज्य हातचें गेल्यावर जें थोडें करतां येतें त्यांतील तें उत्तम होय, एवढाच आमचा पक्ष आहे.

(८) उपसंहार

या हकीकतीचा आपणां संग्राहकांशीं निकट संबंध आहे. महाराष्ट्रांतील किती तरी घराण्यांतून आजही रुमाल, बाडें व पोथ्या पडून आहेत. मालकास त्यांचा अभिमान असतो, आणि तो योग्यही आहे. परंतु तो अभिमान एका माणसाच्या हयातीपुरता असतो. नातवाच्या वांटणींत माळ्यावरचें गांठोडें कोणाच्या वांट्यास येईल व त्याचें काय होईल, हें कोणी सांगावें? सरफोजींच्या संग्रहास राजवाड्याच्या भिंतीनें वांचविलें नाहीं. तो आहे हें पुष्कळांस ठाऊक होतें, आणि त्यांत काय आहे तें छापून निघालें होतें, म्हणून तो वांचला. ज्याच्याजवळ दहाच पोथ्या आहेत त्यानेंही त्यांची यादी करून ती एखाद्या संस्थेकडे दिली, तर त्यानें तंजावरच्या राजाचेंच अनुकरण केलें असें होईल.

तंजावरचें मराठी काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. तेथील मोडी दफ्तराचीं शेंकडों गांठोडीं आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें त्यांतील निवडक कागद तमिळ भाषांतरानें प्रसिद्ध केले, ही आपणांस आनंदाची व थोडी लाजेचीही गोष्ट आहे. छत्रांचे जमाखर्च, वैद्यांच्या नेमणुका, पोथ्यांच्या खरेदीचे तपशील, हें सर्व त्या कागदांत मोडींतच आहे, आणि मोडी वाचणारे आपल्यांत दिवसेंदिवस थोडे होत आहेत. दरवर्षीं मोडी जाणणारे दोन तरुण कांहीं महिने तंजावरास राहून एकेका गांठोड्याची यादी करतील, तर दहा वर्षांत पुष्कळ काम होईल. रामेश्वरच्या वाटेवर मध्यरात्रीं घंटा वाजवून उपाशी माणसाला हांक देणाऱ्या त्या छत्रांत रोज किती पानें वाढलीं गेलीं, हें सांगणारे कागद मराठींत आहेत. ते वाचण्याचें काम मराठी माणसानेंच केलें पाहिजे.